एका ओल्या शर्टाची नोंद

कपाशीवरची फवारणी पाहायला गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीतील एका पानाची झेरॉक्स गेली तीन वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. अक्षर घाईचे आहे आणि कोपऱ्यावर चिखलाचा डाग आहे. मजकूर असा: "सकाळी ९.४०. काका चौथा पंप मारून धुऱ्यावर (बांधावर) आले. शर्ट पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये ओला. घाम असेल असं वाटलं. काकूंनी पंप उतरवला तेव्हा औषधाचा वास आला. झाकणातून गळतं. काकू म्हणाल्या, रोजचंच आहे." त्याखाली एक रेघ ओढून तिने लिहिले आहे, "आपला प्रश्न चुकलाय."

मी विदर्भातल्या कापूसपट्ट्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. तृतीय वर्षाच्या ६६ विद्यार्थ्यांसाठी ५० गुणांचा एक प्रकल्प-विषय चार वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि तो मी डिझाइन थिंकिंगच्या पद्धतीने घेते. या पद्धतीमुळे मुले वर्गात रमतात, हे आता बरेच जण मान्य करतात. मात्र मुले रमली म्हणजे शिकली असे होत नाही आणि शिकली तरी ते गुणपत्रिकेवर कसे उतरवायचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी काढतच नाही. वरची नोंद करणाऱ्या गटाला पहिल्या वर्षी मी ५० पैकी ३१ गुण दिले होते. ते गुण चुकीचे होते. ते का चुकले आणि त्यानंतर मी काय बदलले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा विषय नव्याने शिकवायला घेणाऱ्या सहकाऱ्यांकडून मला हीच विचारणा वारंवार होते.

डिझाइन थिंकिंग ही कल्पना आपल्याकडे अनेकदा रंगीत चिकटचिठ्ठ्यांच्या रूपाने येते, म्हणून तिच्या मुळाविषयी थोडे सांगते. आहे ती परिस्थिती हवी तशी करण्यासाठी जो कोणी कृतीची आखणी करतो तो डिझाइनच करत असतो, अशी व्यापक व्याख्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये केली. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने या विचाराला वर्गात शिकवता येईल असे पाच भागांचे रूप दिले: माणसाला समजून घेणे, प्रश्न निश्चित करणे, कल्पना काढणे, कच्चा नमुना बनवणे आणि तो तपासणे. हे पाच भाग म्हणजे एकामागून एक चढायच्या पायऱ्या नव्हेत. नमुना तपासताना पुन्हा पहिल्या भागाकडे यावे लागते आणि बहुधा यावेच लागते. आपल्या पाठ्यक्रमात मात्र त्यांची पाच युनिटे होतात, प्रत्येक युनिटला आठवडे ठरतात आणि मग मुलेही युनिट संपले की माणसाला समजून घेणे संपले असे धरून चालतात.

मी पहिल्या तासाला स्टॅनफर्डचा तक्ता दाखवत नाही, लोटा दाखवते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना आपला साधा लोटा सर्वांत थोर वाटला होता. लोटा नव्याने घडवायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची एक लांबलचक यादीच त्यांनी दिली: किती पाणी मावावे, धरणाऱ्याचा हात स्त्रीचा, पुरुषाचा की मुलाचा, तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात, भरलेला असताना तोल कुठे राहतो आणि रिकामा होत जाताना तो कसा सरकतो, ओतताना धार कशी पडते, घासायला आत हात जातो का. ही यादी मी मराठीत वाचून दाखवते आणि टेबलावरचा लोटा उचलून तिथे पाठीवरचा फवारणी पंप ठेवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी असा पंप असतो. तरी त्या दिवशी ते त्याच्याकडे पहिल्यांदा पाहत असल्यासारखे पाहतात.

फवारणी हा विषय निवडण्याला कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती, हवा दमट होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते, अशी अनेक कारणे तेव्हा चर्चेत आली. आज माझ्या वर्गात बसणारी मुले तेव्हा शाळेत होती आणि आपल्या किंवा शेजारच्या गावातले कोणी ना कोणी 'औषध लागून' दवाखान्यात गेल्याचे त्यांना आठवते. आपल्याकडे कीटकनाशकाला सगळेच औषध म्हणतात. हा शब्द मी फळ्यावर लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

पहिल्या वर्षी मी प्रश्न दिला होता: "फवारणी सोपी कशी करता येईल?" पहिल्याच तासात तेराही गटांकडे उत्तरे तयार होती. चार गटांना ड्रोन हवा होता, तिघांना सौर पंप, पाच गट मोबाइल ॲप करणार होते आणि एक गट पंपाला चाके लावणार होता. यातले एकही उत्तर शेतात जाऊन काढलेले नव्हते. तरीही विद्यार्थ्यांना दोष देता येणार नाही, कारण प्रश्न दिल्याबरोबर उत्तर द्यायचे हीच सवय आपण त्यांना बारावीपर्यंत आणि त्यानंतरही लावलेली असते.

वरच्या नोंदीचा गट चाकांचा होता. वजन कमी करणे हा आपला प्रश्न आहे, असे मानून ते एका रविवारी गावात गेले. सोळा लिटरचा पंप भरला की बॅटरीसकट वीस-बावीस किलोंचा होतो आणि एकरभर कपाशीला असे दहा-बारा पंप लागतात, हा हिशेब त्यांनी आधीच करून नेला होता. पण धुऱ्यावर दोन तास बसल्यावर त्यांना दिसले ते वेगळेच होते. चालताना वजन जड जात होते, पण त्याहून अवघड होते ते भरलेला पंप पाठीवर घेणे. काका जमिनीवर बसून पट्ट्यांत हात घालत, काकू मागून पंप उचलून धरत आणि काका गुडघ्यावर हात रोवून उठत. उठण्याच्या त्या एका क्षणी पंप मागे कलायचा आणि झाकणाच्या झिजलेल्या रबरातून द्रावण थेट पाठीवर सांडायचे. पानावरची नोंद त्याचीच आहे. कीटकनाशक श्वासाबरोबर जाते एवढेच बहुतेकांना माहीत असते; ते कातडीतूनही शरीरात भिनते. म्हणजे तोंडाला रुमाल बांधलेला हा माणूस सकाळपासून विषाने भिजलेला शर्ट अंगावर घेऊन फिरत होता आणि पंप उचलून धरणाऱ्या बाईच्या मनगटांवरूनही तेच ओघळत होते. फवारणी करणारा म्हणून तिची गणना कुठेच होत नाही.

त्या संध्याकाळी गटाने प्रश्न बदलला. "फवारणी सोपी कशी करावी" याऐवजी त्यांनी लिहिले, "भरलेला पंप पाठीवर घेताना काकांची पाठ आणि काकूंचे हात कोरडे कसे राहतील?" माझ्या मते संपूर्ण सत्रात त्या वर्गात झालेले सर्वांत मोठे शिक्षण या एका वाक्यात होते.

पुढची कहाणी मी थोडक्यात सांगते. त्यांनी आधी बांबूची कमरेएवढी तिवई केली, म्हणजे पंप तिच्यावर ठेवून एकट्याने पाठीला लावता येईल. महाविद्यालयाच्या फरशीवर ती उत्तम उभी राहिली, पण पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत तिचे पाय वीतभर रुतले. मग पायांखाली फळ्या आल्या आणि ती उचलून नेण्याइतकी हलकी राहिली नाही. शेवटी त्यांनी तिवई सोडून दिली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे कापून झाकणाला बसवले आणि खताच्या रिकाम्या पोत्याचा एक पडदा पाठ आणि पंप यांच्यामध्ये येईल असा केला. पडदा अंगाला बांधला तर उकडते, अशी काकांची तक्रार होती. तो माणसाला बांधू नका, पंपालाच बांधा, ही सूचना काकूंची. तपासणीसाठी त्यांनी कीटकनाशक वापरले नाही. पंपात निळीचे पाणी भरले, शर्टाच्या आत पांढरे कापड लावले, आणि झाकण जुने असताना, नवे कडे लावल्यावर आणि पडद्यासह अशा तीन वेळा कापडावरचे निळे डाग मोजले.

सादरीकरणाच्या दिवशी या गटासमोर टेबलावर एक जुना पंप, ट्यूबचा तुकडा आणि पोत्याचा पडदा एवढेच होते. शेजारच्या टेबलावर ॲप होते. त्यात हवामान होते, फवारणीची आठवण करून देणारी सूचना होती, आकर्षक रंग होते आणि सादर करणारा विद्यार्थी फार छान बोलला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्याच्या गटाला विचारले, "यात अभियांत्रिकी कुठे आहे?" मुले गडबडली. निळीच्या डागांचा तक्ता वहीत होता, पण तो मांडावा हे त्यांना सुचले नाही, कारण त्यासाठी गुण आहेत असे मी कधी सांगितलेलेच नव्हते. माझ्या गुणपत्रकात ५० पैकी २५ गुण अंतिम मॉडेल आणि सादरीकरण यांना होते. ॲपच्या गटाला ४४ गुण मिळाले. तो गट एकदाही गावात गेलेला नव्हता.

आठवड्याभराने ती विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. तिने गुणांची तक्रार केली नाही. तिने विचारले, "मॅडम, पुढच्या बॅचच्या मुलांना गावात जायला सांगणार आहात का? म्हणजे, त्याची गरज असते का?" मी उत्तर दिले, पण तिचा प्रश्न बरोबर होता. पाच रविवार, एसटीचे भाडे, चिखल, लोकांच्या वेळा सांभाळणे हे सगळे करून ३१ आणि वसतिगृहाच्या खोलीत बसून ४४ मिळत असतील, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी काय करावे, हे मीच माझ्या गुणपत्रकातून सांगून टाकले होते. विद्यार्थी आपली भाषणे ऐकत नाहीत; ते गुणांची विभागणी वाचतात, आणि ती अगदी काळजीपूर्वक वाचतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण सहकाऱ्यांशी माझा वाद होतो तो इथेच. डिझाइनच्या प्रश्नाला नमुना उत्तर नसते म्हणून त्याचे मूल्यमापन व्यक्तिनिष्ठच राहणार, असे अनेकांना वाटते. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये अशा गुंतागुंतीच्या सामाजिक प्रश्नांविषयी लिहिताना म्हटले होते की त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक नसतात, बरी किंवा वाईट असतात आणि प्रश्न नेमका मांडणे हाच त्यातला अवघड भाग असतो. मला यातून उलटा निष्कर्ष दिसतो. प्रश्न मांडणे हा अवघड भाग असेल तर गुण तिथेच द्यायला हवेत. आणि प्रश्न कसा बदलला याचा पुरावा वहीत असतो, तारखेसह असतो. तो तपासणे हे सादरीकरण किती प्रभावी झाले याचा अंदाज घेण्यापेक्षा कितीतरी अधिक वस्तुनिष्ठ आहे.

हा मुद्दा मुलांना पटवण्यासाठी मी एक खरे उदाहरण सांगते. स्टॅनफर्डच्या एका अभ्यासक्रमात २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला स्वस्त इन्क्युबेटर करायचा होता. गटातला एक जण नेपाळला गेला तेव्हा त्याला दिसले की शहरातल्या रुग्णालयात दान मिळालेले इन्क्युबेटर रिकामे पडले आहेत आणि कमी वजनाची बाळे जन्मतात ती तिथून दूर, खेड्यांत. प्रश्न बदलला: रुग्णालयासाठी स्वस्त यंत्र नको, घरच्या बाळाला ऊब कशी देता येईल ते पाहू. त्यातून मेणासारख्या पदार्थाची उबदार पिशवी असलेले बाळाचे झबले-वजा अंथरूण तयार झाले, 'एम्ब्रेस' या नावाने. पुढे हा गट भारतात आला. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावात नमुना दाखवताना त्यांना एका आईकडून कळले की डॉक्टरांची औषधे जहाल असतात म्हणून ती बाळाला सांगितलेल्यापेक्षा कमीच देते. पिशवी ३७ अंशांपर्यंत तापवायला सांगितली, तर तीही ती थोडी कमीच तापवेल. गटाने मग तापमान दाखवणाऱ्या पट्टीवरचे अंश काढून टाकले आणि तापमान योग्य झाले की तेवढे सांगणारी खूण ठेवली.

ही गोष्ट ऐकल्यावर एका विद्यार्थ्याने हात वर करून सांगितले, "मॅडम, आमच्याकडे उलटं आहे. कीड हटली नाही तर एक टोपण जास्त टाकतात." मग त्याच्या गटाने महिनाभर केवळ टोपणाचाच अभ्यास केला. डब्यावर विषारीपणाची खूण असते. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळी, निळी आणि हिरवी. बहुतेक शेतकऱ्यांना लाल रंगाचा अर्थ ठाऊक होता. पण लेबलवरचे प्रमाण हेक्टरी असते, कृषी केंद्रवाला ते पंपाला इतके असे चिठ्ठीवर लिहून देतो आणि धुऱ्यावर मोजायला हाताशी असते ते डब्याचे टोपण. तीन ठिकाणी तीन मापे. माप चुकते ते अडाणीपणामुळे नव्हे, या तीन मापांच्या मधल्या जागेत, हे त्या गटाने वहीतल्या नोंदींवरून दाखवले. अशा वेळी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला वर्गात गुंतवून ठेवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. त्याच्या घरचे ज्ञान त्या दिवशी वर्गाच्या उपयोगी पडलेले असते.

आता गुणांची विभागणी. क्षेत्रनोंदींना १५, प्रश्नाच्या मांडणीला आणि पुनर्मांडणीला १०, नमुने आणि त्यांच्या चाचण्यांना १०, वैयक्तिक तोंडी परीक्षेला १० आणि अंतिम सादरीकरणाला ५. पहिल्या दिवशी ही विभागणी छापून वहीच्या आतल्या पानावर चिकटवायची. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाल्यापासून आमच्याकडे निष्पत्तींचे, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले याचे, तक्ते भरणे आलेच आहे. त्या तक्त्यांत प्रश्नाचे विश्लेषण, समाजाप्रतीची जबाबदारी, गटात काम करणे अशी जी वाक्ये असतात, ती या विभागणीत मला पहिल्यांदा खऱ्या पुराव्यासह भरता आली.

पण विभागणी बदलली की प्रश्न सुटला असे झाले नाही. दुसऱ्या वर्षी तेरापैकी अकरा गटांनी आपला प्रश्न 'बदलल्याचे' लिहून आणले. पुनर्मांडणीला गुण आहेत म्हटल्यावर पहिला प्रश्न मुद्दाम चुकीचा लिहायचा आणि मग तो दुरुस्त करायचा, अशी युक्ती काही गटांनी केली होती. त्यानंतर मी पातळ्या नेमक्या लिहिल्या. प्रश्न पहिल्या दिवशी होता तसाच राहिला आणि तो पडताळूनही पाहिला नाही, ही सर्वांत खालची पातळी. प्रश्न बदलला, पण कोणत्या नोंदीमुळे बदलला ते दाखवता येत नाही, ही मधली. वरची पातळी म्हणजे ज्या पाहणीमुळे प्रश्न बदलला ती तारीख, ते पान, ते वाक्य दाखवता येणे. आणि प्रश्न बदलला नाही, पण तो मोडून पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करूनही टिकला, हे दाखवता आले तर तीही वरचीच पातळी. हे चौथे वाक्य मी फार उशिरा लिहिले, पण त्याच्यामुळे बनावट बदल जवळजवळ थांबले.

वह्या तपासण्याचाही प्रश्न होता. एकाच वहीला मी १५ पैकी १२ दिले आणि सहकाऱ्यांनी ७. त्यांना अक्षर आणि मांडणी खटकली होती, मी मजकूर पाहिला होता. आम्ही मग मागच्या वर्षीच्या तीन वह्या समोर ठेवून, एक चांगली, एक मध्यम आणि एक कमकुवत, प्रत्येकीविषयी आपापली कारणे मोठ्याने बोलून दाखवली. एक दुपार गेली, पण त्यानंतर आमच्या गुणांत फारसे अंतर राहिले नाही. त्याच तीन वह्या आता नावे झाकून मुलांनाही पहिल्या आठवड्यात तपासायला देते. चांगली नोंद म्हणजे काय हे सांगून कळत नाही. "शेतकऱ्यांना अनेक अडचणी येतात" आणि "शर्ट दोन्ही खांद्यांच्या मध्ये ओला" ही वाक्ये शेजारी ठेवली की लगेच कळते.

नोंदी मराठीतच लिहायच्या, हाही नियम मी केला आहे. पहिल्या वर्षी अहवाल इंग्रजीत असल्यामुळे मुले शेतातच मनातल्या मनात भाषांतर करत आणि माणसाचे बोलणे वाटेत हरवत असे. "खांदे भरून येतात", "उसण भरते", "पट्टा काचतो" या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. अहवालात या तिन्ही तक्रारींचे मिळून एकच 'बॅक पेन' झाले होते. अहवाल अजूनही इंग्रजीतच द्यावा लागतो, पण त्यातील प्रत्येक विधानासमोर मराठी नोंदीचा पान क्रमांक द्यायचा.

मधल्या टप्प्यांवर मी गुण सांगत नाही, फक्त लेखी अभिप्राय देते. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांचे काम सुधारले आणि ज्यांना अभिप्रायासोबत गुणही मिळाले त्यांना अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. शाळेतला निष्कर्ष महाविद्यालयाला जसाच्या तसा लागू करावा असे मी म्हणणार नाही, पण माझा अनुभव त्याच्या जवळ जातो. वहीवर ९ लिहिले की मुले शेजाऱ्याची वही पाहतात. "काकू पंप कुठे धरतात? हँडलला की तळाला?" एवढेच लिहिले की पुढच्या रविवारी कोणीतरी ते पाहून येते.

वैयक्तिक तोंडी परीक्षा मी सोडणार नाही, कितीही वेळ लागला तरी. आमच्याकडे एका फाइलवरून साऱ्या वर्गाच्या फाइली होतात, ड्रॉइंगच्या शीटला काचेखाली दिवा लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारली जाते आणि गटाच्या कामात एक राबतो, बाकीच्यांची नावे लागतात, हे सर्वांना माहीत आहे. आता त्यात एआयची भर पडली आहे. तिसऱ्या वर्षी एका गटाने सहा शेतकऱ्यांच्या मुलाखती दिल्या, सगळ्या व्यवस्थित, सगळ्यांची उत्तरे एकाच लांबीची. मी प्रत्येकाला वेगळे बोलावून विचारले: बसायला काय दिले होते? पाणी कोठून आणत होते? तुम्ही बोलत असताना मध्ये कोण आले? एकालाही सांगता आले नाही. मी त्यांना शून्य दिले नाही. दोन आठवडे दिले आणि जायला सांगितले. ते गेले. परत आल्यावर त्यांच्यापैकी एकजण कोणी न विचारता दहा मिनिटे बोलत होता.

मुले शेतात जातात तेव्हा त्यांची काळजी घेणे ही माझी जबाबदारी आहे, हे मला पहिल्या वर्षी पुरेसे उमगले नव्हते. ती विद्यार्थिनी पंपाच्या इतकी जवळ जायला नको होती. आता नियम आहे: फवारणी चालू असताना वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब उभे राहायचे, द्रावणाला किंवा डब्यांना हात लावायचा नाही, चाचणी फक्त साध्या किंवा निळीच्या पाण्याने करायची आणि ज्यांच्या शेतात जायचे त्यांना आधी विचारायचे, फोटो काढण्यापूर्वी पुन्हा विचारायचे. आमच्या भागात माणसे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या होकाराचा अर्थ नीट लावणे हेही विद्यार्थ्याला शिकवावे लागते.

यातूनच शेवटची अडचण निर्माण झाली. ज्यांच्यासाठी वस्तू केली त्यांच्या मताला गुणांत स्थान हवे, असे मला वाटत होते. एका वर्षी तसे करून पाहिले. सर्व गटांना भरभरून शाबासकी मिळाली. कॉलेजची पोरे ऊन्हातान्हात आपल्याकडे आली, त्यांनी काही करून आणले, याचे लोकांना कौतुक वाटते आणि ते कौतुक खरे असते. पण वस्तू उपयोगी आहे की नाही, याचा तो पुरावा नव्हे. म्हणून आता नमुना देऊन आल्यावर तीन आठवड्यांनी, न सांगता नव्हे पण सहज भेटायला म्हणून, मुलांनी परत जायचे आणि वस्तू कुठे आहे ते पाहायचे. मत विचारायचे नाही.

या वर्षीच्या एका गटाने जुन्या पडद्यात सुधारणा करून पाच घरी पाच पडदे दिले होते. परत गेले तेव्हा दोन पडदे पंपाला बांधलेले होते, एक सापडला नाही, एक बैलाच्या पाठीवर वशिंडाच्या मागे जखमेवर माशा बसू नयेत म्हणून टाकलेला होता आणि पाचवा न उलगडता कोनाड्यात होता. गटाने हे पाचही जसे दिसले तसे वहीत लिहिले, प्रत्येकासमोर का ते लिहिले आणि कोनाड्यातल्या पडद्यासमोर लिहिले, "आजींचा मुलगा पट्टे उलटे लावतो, डावखुरा आहे. आपली गाठ त्याला बसत नाही." चाचणीच्या १० पैकी मी त्यांना १० गुण दिले आहेत. पुढच्या रविवारी ते नवी गाठ घेऊन जाणार आहेत.